नोकरीचा अर्ज आणि उमेदवाराचे स्वतःचे लेखन

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके समुद्रकिनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. कर्जत येथे भातसंशोधनाचे केंद्र असून माथेरानमुळे या तालुक्यात पर्यटनाचा व्यवसाय वाढला आहे. खालापूर तालुक्यात खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि पुढे या परिसरात कारखानदारी विस्तारली. उपनगरी रेल्वेमुळे मुंबईची बाजारपेठही येथील तरुणांच्या आवाक्यात आली आहे. परिणामी शाळा, शासकीय कार्यालये, कारखाने, पर्यटनसंस्था, स्वयंसेवी संस्था व वृत्तपत्रे अशा अनेक ठिकाणी येथील सुशिक्षित तरुण अर्ज करीत असतात.

यांपैकी काही जण लिहिणारे असतात. कोणी जिल्हा वृत्तपत्रात लेख लिहितो, कोणी दिवाळी अंकात कविता देतो, तर कोणी ठाकर व कातकरी वाड्यांवरील चालीरीतींची टिपणे करून ती लोकांसमोर ठेवतो. नोकरीसाठी अर्ज करताना या लेखनाचा उल्लेख करावा की करू नये, असा प्रश्न त्यांना पडतो आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते गावातील शिक्षकांकडे, ग्रामसेवकांकडे किंवा सरपंचांकडे जातात. वरकरणी हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्याच्या घरातील शिकलेली ही पहिलीच पिढी आहे आणि ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही, अशा उमेदवारापाशी प्रमाणपत्राखेरीज दाखविण्याजोगे स्वतःचे लेखनच काय ते असते. तेच लेखन अंगलट येईल की काय, ही धास्तीही त्यालाच अधिक वाटते.

दोन उदाहरणे

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसून येतात. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. सुशिक्षित, नोकरी करणाऱ्या अविवाहित स्त्रियांची घुसमट त्यात उघडपणे मांडलेली असल्याने मोठे वादळ उठले. लेखिका बाळूताई खरे, म्हणजेच पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या विदुषी, शिक्षणक्षेत्रात काम करीत होत्या. टोपणनावाने त्यांच्या लेखनाला एक आडोसा दिला. तथापि लेखन व नोकरी यांचा संबंध नेहमीच विरोधाचा नसतो, हेही त्यांच्याच चरित्रावरून कळते. गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या जमातींच्या सोलापूर येथील वसाहतीत त्यांनी पुढे नोकरी केली आणि त्या अनुभवातून १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी आली.

दुसरे उदाहरण कर्जत तालुक्याला जवळचे आहे. उत्तरायुष्यात नेरळ येथे राहिलेले कविवर्य नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगाराने वाढविले. मुंबईतील शाळेत त्यांनी शिपायाची नोकरी केली आणि परीक्षा देऊन पुढे ते शिक्षक झाले. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ हे त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध झाले. कवितेने त्यांना महाराष्ट्रभर मान मिळवून दिला. परंतु शिक्षकाच्या जागेसाठी आवश्यक ती परीक्षा त्यांना द्यावीच लागली. लेखन हे पात्रतेला जोड देते, तिची जागा घेत नाही, हा यातील बोध होय.

अर्जाचा नमुना आधी पाहावा

सर्व अर्ज सारखे नसतात. शासकीय भरतीत अर्जाचा नमुना बहुधा ठरलेला असतो आणि निवड प्रामुख्याने परीक्षेतील गुणांवर होते. जेथे लेखनासाठी रकानाच नाही, तेथे ते दुसऱ्या रकान्यात घुसडणे अनाठायी ठरते. याउलट केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या सविस्तर अर्जात छंद, पारितोषिके आदींसाठी जागा असते आणि जे लिहावे त्यावर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतात. वृत्तपत्र, प्रकाशनसंस्था, स्वयंसेवी संस्था, पर्यटनसंस्था किंवा खाजगी शाळा यांच्याकडे पाठवावयाचा अर्ज उमेदवार स्वतः तयार करतो. खरा निर्णय तेथेच घ्यावा लागतो.

हा निर्णय घेताना एकच कसोटी पुरेशी आहे : ज्या कामासाठी अर्ज आहे, त्या कामाला लागणारा गुण या लेखनातून सिद्ध होतो काय? वाड्यांवरील पाणीटंचाईची गावोगाव हिंडून, आकडे पडताळून लिहिलेली टिपणे स्वयंसेवी संस्थेच्या क्षेत्रीय कार्यकर्त्याच्या अर्जात अवश्य नमूद करावीत. किल्ले, लेणी व घाटवाटा यांवरील लेख पर्यटनसंस्थेच्या उपयोगी पडतील. मात्र कारखान्यातील जोडाऱ्याच्या जागेसाठी कवितांची यादी जोडल्याने काही साधत नाही.

उल्लेख करावयाचा झाल्यास तो एकदोन ओळींत, लेखाचे नाव, प्रसिद्धीचे ठिकाण व वर्ष यांसह करावा आणि निवडक दोन-तीन लेखांच्या प्रती मुलाखतीच्या वेळी जवळ ठेवाव्यात. त्यापूर्वी आपले जुने लेखन पुन्हा वाचून पाहावे. एखाद्या व्यक्तीची अकारण निंदा, जातीवाचक उद्गार किंवा आपद्ग्रस्तांची खाजगी माहिती त्यात असेल, तर ते लेखन गुणाऐवजी दोषाचाच पुरावा ठरेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा प्रसंगी दुःखितांचा मान राखून, खात्री करून लिहिलेला वृत्तान्त लेखकाची जबाबदारीची जाणीव दाखवितो. ऐकीव गोष्टींवर आधारलेला तसे दाखवीत नाही.

मौन आणि लपवाछपवी

न विचारलेली गोष्ट न सांगणे आणि विचारलेली गोष्ट लपविणे यांत अंतर आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली चारित्र्य पडताळणीसंबंधी तत्त्वे घालून दिली. तो खटला उमेदवारावरील फौजदारी प्रकरणांच्या माहितीविषयी होता. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. परंतु जी माहिती नमुन्यात स्पष्टपणे मागितली आहे तीच देणे त्याच्यावर बंधनकारक असते, असे न्यायालयाने म्हटले. लेखनाच्या बाबतीतही हाच विवेक बाळगणे श्रेयस्कर आहे. रकाना नसेल तर मौन राखण्यास हरकत नाही. पण मुलाखतीत प्रश्न आल्यास टोपणनावाने केलेले लेखनही नाकारू नये.

सेवेत दाखल झाल्यावर परिस्थिती बदलते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ व जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू होतात. १९७९ च्या नियमांत निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय लेखनास मोकळीक आहे. परंतु शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास मनाई आहे. समाजमाध्यमांवरील वर्तनाबाबतही जुलै २०२५ मध्ये शासनाने सूचना दिल्या आहेत. म्हणून सेवेत येऊ इच्छिणाऱ्या लेखकाने हे नियम रुजू होण्यापूर्वीच वाचावेत. मात्र हे नियम सेवेतील व्यक्तींसाठी आहेत, उमेदवारासाठी नव्हेत. नागरिक म्हणून त्याला संविधानाच्या अनुच्छेद १९ ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे, याचा विसर पडू नये.

निवड करणाऱ्यांची जबाबदारी

या प्रश्नाची दुसरी बाजू निवड करणाऱ्यांकडे येते. शाळेच्या व्यवस्थापनात किंवा संस्थेच्या निवड समितीत बसणाऱ्या शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी उमेदवाराच्या लेखनातील मते आपल्या मतांशी जुळतात काय, हे पाहू नये. भाषा स्वच्छ आहे काय, माहिती पडताळलेली आहे काय आणि विरुद्ध मताला न्याय दिला आहे काय, हे पाहावे. एखाद्या तरुणाने आपल्याच ग्रामपंचायतीच्या नळयोजनेतील उणीव दाखविली असेल, तर ते त्याच्या अपात्रतेचे कारण होऊ शकत नाही. लिहिले म्हणून दार बंद झाले असे एकदा घडले, की त्या गावातील पुढची मुले लिहिणेच सोडून देतात आणि गावाला आपल्या अडचणी नेमक्या शब्दांत मांडणारी माणसे मिळेनाशी होतात.

सल्ला विचारण्यास आलेल्या उमेदवाराचा अर्ज वाचण्यापूर्वी शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी त्याचे लेखन वाचावे. त्यातील कोणते दोन लेख या कामासाठी बोलके आहेत, एवढे सांगितले तरी त्याची निम्मी अडचण दूर होईल.