दीक्षेनंतरची पहिली सहल : वेरूळ कसे पाहावे?



नांदेड-लातूरकडचा आपला माणूस पूर्वी वर्षातून एकदा तरी घराबाहेर पडत असे. माळेगावची खंडोबाची यात्रा, तुळजापूरचा नवस, परळीचे दर्शन. दीक्षा घेतली आणि हे सारे सुटले. सुटायलाच हवे होते. बावीस प्रतिज्ञा घेऊन पुन्हा नवस फेडायला जाणे कोणत्या तोंडाने करणार? परंतु घरातील बायका-मुलांच्या मनात एक जागा रिकामी राहते, हेही मान्य केले पाहिजे. यात्रेत केवळ देव नव्हता. शेतातल्या कामातून चार दिवसांची सुटका होती, पाहुण्यांच्या गाठीभेटी होत्या, मुलांना पाळणा आणि रेवड्या होत्या. ही जागा आपण मोकळी ठेवली तर जुनी यात्रा मागच्या दाराने घरात येते. म्हणून दीक्षेनंतरच्या पहिल्याच सुटीत कुटुंबासह वेरूळला जावे, असे मी सुचवितो.

यात नवे असे काही नाही. 1934 साली परमपूज्य बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह अशाच सहलीला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे आधी ठरले होते. नाशिकहून मोटारी करून येवल्यामार्गे ही मंडळी निजामाच्या राज्यात आली. सहलीचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवासी म्हटले की वाटेत अडचणी येणार, हे ठाऊक होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. दरवाजाबाहेर पाण्याने भरलेले टाके होते. अंगावर प्रवासाची धूळ बसलेली. काहींनी त्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की, ढेडांनी टाके बाटवले. जमाव जमला, शिव्या झाल्या. शेवटी किल्ला पाहू दिला, तो आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि लक्ष ठेवायला एक हत्यारी शिपाई बरोबर दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदूला जो अस्पृश्य, तो इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच, हे दाखविण्यासाठी त्यांनी तो सांगितला. कायदेपंडित, गोलमेज परिषदेला जाऊन आलेला माणूस, आणि त्याच्यामागे पाण्यासाठी पहारा! आज आपण तिकीट काढून त्याच दरवाजाने आत जातो. दौलताबाद वेरूळच्या वाटेवरच आहे. दरवाजाशी पाच मिनिटे थांबून मुलांना ही हकीकत सांगा. घरून नेलेली पाण्याची बाटली तेथेच उघडा.

आता वेरूळ. येथे एकंदर 34 लेणी आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 ब्राह्मणी, 30 ते 34 जैन. बहुतेक मंडळी कैलास लेण्याकडे, म्हणजे सोळाव्याकडे, धावतात. ते लेणे अद्भुत आहे, तेही जरूर पाहावे. पण तुम्ही पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करा.

पहिल्या काही लेण्यांना गावातले लोक पूर्वी 'ढेडवाडा' म्हणत. पाचव्या लेण्याला तर आजही 'महारवाडा' म्हणतात; पुस्तकांतही तेच नाव आहे. मुले विचारतील, गुरुजी, लेण्याला आपले नाव कसे? उत्तर विचारपूर्वक द्यावे. बौद्ध धर्म या प्रदेशातून लोपल्यावर भिक्षूंची ओळख विसरली गेली. गावकऱ्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे नावे ठेवली, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रज संशोधकांनी ती तशीच टिपून घेतली. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते, अशी मांडणी बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात केली आहे. तिचा हा भक्कम पुरावा झाला, असे मी म्हणणार नाही. नावावरून इतिहास सिद्ध होत नाही. पण एवढे खरे की गावाला जे लेणे हलके वाटले, त्याला त्याने आमचे नाव दिले. आत जाऊन पाहा. शंभर फुटांहून लांब दालन, आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडाचे दोन बुटके ओटे. येथे भिक्षू समोरासमोर बसून जेवत किंवा पठण करीत, असे अभ्यासक मानतात. कोणत्याही जातीतून आलेला भिक्षू त्या एकाच ओळीत बसला. हे लेणे दाखविताना मुलांना त्या ओट्यांजवळ ओळीने उभे करा. मग सांगा, महारवाडा तो हा.

दहावे लेणे चैत्यगृह आहे. छताला दगडाच्या फासळ्या कोरल्या आहेत, लाकडी घराच्या वाशांसारख्या. म्हणून लोकांनी त्याला 'सुतार का झोपडा' म्हटले आणि बुद्धालाच विश्वकर्मा समजून पूजले. दगडात वासे कशाला? लेणी खोदण्यापूर्वी चैत्य लाकडाचे असत. कारागिरांनी तीच सवय दगडात उतरविली. लेण्याची ही कल्पना पुढे दूरदूर गेली. दक्षिण कोरियात ग्योंगजू शहराजवळ सोकगुराम म्हणून आठव्या शतकातील बुद्धाचे लेणे आहे. ते डोंगरात खोदलेले नाही. ग्रॅनाइटच्या शिळा रचून गुहा उभी केली आहे. त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या सहली ग्योंगजूला जात आल्या आहेत. आमच्या मराठवाड्यातल्या किती शाळांनी मुलांना पाचवे लेणे दाखविले असेल?

आता एक नाजूक गोष्ट. वेरूळला घृष्णेश्वराचे देऊळ जवळच आहे. आजी म्हणेल, एवढे आलोच आहोत तर दर्शन घेऊ. रस्त्यात तिच्याशी भांडू नका. साठ वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. तिला दहाव्या लेण्यात सावलीला बसवा, सर्वांनी हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणा, आणि तिलाच म्हणायला पुढे करा. हट्टच धरला तर एकटीला जाऊ द्या. पण मुलांना प्रतिज्ञेचा अर्थ त्याच संध्याकाळी समजावून सांगा. लेण्यात मेणबत्ती, अगरबत्ती, हळदकुंकू काहीही नको. धूर दगडाला आणि रंगाला घातक आहे. मेणबत्ती आपल्या विहारात लावावी.

दुसरा दिवस हाती असेल तर छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचे औरंगाबाद) लेणी चुकवू नका. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात ती आहेत. तेथील तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले उपासक-उपासिका कोरले आहेत, जवळजवळ माणसाएवढे. त्यांच्या केसांची रचना, अंगावरचे दागिने, जोडलेले हात नीट पाहा. ही देवमंडळी नव्हेत, संसारी माणसे आहेत. बायका पुरुषांच्या बरोबरीने आहेत. आपल्या घरातील स्त्रियांना हे लेणे सर्वांत आधी आवडते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी लातूरहून तेरला जावे. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्य असावे, असे अभ्यासकांनी मांडले आहे. आज तेथे विष्णूची पूजा चालते. वाद घालू नये. मागच्या बाजूला जाऊन भिंतीचा अर्धगोल पाहावा, म्हणजे चैत्याचा आकार ध्यानात येतो. गावातले लामतुरे वस्तुसंग्रहालयही पाहावे. औशाकडची खरोसा लेणी जवळ आहेत खरी, परंतु तेथील बहुतेक मूर्ती शैव-वैष्णव आहेत. दिसेल ते लेणे बौद्ध म्हणण्याची सवय आपण लावून घेऊ नये. ती लेणी इतिहास म्हणून पाहावीत.

नांदेडहून मनमाडकडे जाणारी गाडी संभाजीनगरवरून जाते. तेथून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर. लातूरकरांना एस.टी. सोयीची. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. भाकरी-चटणीची शिदोरी घरची न्यावी, आणि प्रत्येक मुलाच्या हाती एक वही व पेन्सिल द्यावी. भिंतीवर नाव कोरण्याची खुमखुमी आली तर ते वहीत लिहावे.