भोंगा ऐकू येत नाही, मग कंपनीत काम कसं मिळणार?

प्रश्न : आमच्या गावाला लागूनच एमआयडीसी आहे. धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, पण त्याचा आयटीआय झाला आहे. सरकारी नोकरीत दिव्यांगांना राखीव जागा असतात, तशा खासगी कंपनीत का नसतात? आणि केमिकल कंपनीत त्याच्यासारख्याला काम देणं खरंच धोक्याचं असतं का?
– एक वाचक, कुरकुंभ (ता. दौंड)

उत्तर : आधी कायद्याचं पाहू. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखून ठेवल्या. 1995 च्या कायद्यात त्या 3 टक्के होत्या. या चारांतला 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. खासगी कंपनीवर अशी सक्ती नाही. निदान 5 टक्के दिव्यांग कामगार घेतले जावेत म्हणून सरकारनं मालकांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा सांगतो.

पण म्हणून खासगी कंपनी मोकळी सुटत नाही. प्रत्येक आस्थापनेला 'समान संधी धोरण' जाहीर करावं लागतं. 20 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील, तर दिव्यांगांना जमतील अशी पदं कोणती, निवड कशी होणार, हे त्यात लिहावं लागतं आणि संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. तेव्हा गेटवर 'जागा आहे का?' एवढंच विचारून परत फिरू नका. हे धोरण दाखवा म्हणा.

आता धोक्याचं. गॅस गळती झाली आणि भोंगा ऐकूच आला नाही तर, ही भीती खोटी नाही. पण कॉम्प्रेसरच्या खोलीत डोकावून पाहा. तिथं धडधाकट कामगारही आवाजापासून जपायला कानात बोळे घालतात. भोंग्याच्या जोडीला लुकलुकणारा दिवा त्यांनाही हवाच. तो बसवला, खिशात थरथरणारं यंत्र दिलं, बाहेर पडताना सोबत करणारा जोडीदार नेमून दिला, की धोका पुष्कळ आटोक्यात येतो. अशा बदलांना कायदा 'वाजवी सोय' म्हणतो.

कामही सुटं करून पाहावं. पॅकिंगचंच घ्या. पिशवी तपासायची, काट्यावरचा आकडा वाचायचा, तोंड शिवायचं, बॅच नंबरचं लेबल लावायचं. यात कान कुठे लागतो? फक्त सुपरवायझरची सूचना घेताना. ती फळ्यावर लिहिता येते.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड' ही संस्था उभी केली. स्वतःचा पगार हातात आला की माणसाची मान कशी वर होते, हे अशा आयुष्यांकडे पाहून कळतं.

तुम्ही एवढं करा. भावाचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. राखीव जागांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. कंपनीला पत्र देऊन तोंडी मुलाखतीऐवजी यंत्रावर काम दाखवायची संधी मागा. शक्य असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी सोबत न्या.

आणि एक कळकळीचं सांगणं. त्याच्यासोबत जरूर जा, पण साहेबांनी तुमच्याकडे पाहून विचारलं, तरी उत्तर त्यालाच देऊ द्या. नोकरी त्याची आहे.