दुकानातील नोकर आणि किमान वेतन

"नोकर स्वतःच कबूल झाला आहे, मग कायद्याचा प्रश्न कोठे येतो?" गल्ल्यावर बसलेल्या बंधूंकडून हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो. प्रश्न येतो. ठरलेल्या दराहून कमी पगाराची कबुली, मग ती सही करून दिलेली का असेना, कायद्यापुढे टिकत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ही तरतूद होती, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. धंदा बेताचा असल्याची सबबही चालत नाही. केरळातील कौल कारखान्यांच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले. लहान दुकानदाराची ओढाताण आम्हास ठाऊक आहे. उधारी थकली की आधी नोकराचाच पगार अडतो.

दर ठरवितो कोण? केंद्राने १९९६ साली दिवसाला ३५ रुपये असा राष्ट्रीय तळदर सुचविला होता, २०१७ मध्ये तो १७६ झाला. पण तो निव्वळ सल्ला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने तळदराला कायद्याचे बळ दिले. केंद्राने तो ठरविला की राज्याला त्याखाली जाता येत नाही, आणि ज्याचा दर आधीच वर आहे त्याला तो उतरविता येत नाही.

आपल्याला लागणारा आकडा मात्र राज्याच्या अधिसूचनेत पाहावा. दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी महाराष्ट्रात तीन परिमंडळे आहेत : महानगरपालिका, नगरपालिका व उरलेला भाग. म्हणजे नरसी नामदेव येथील कापड दुकानाला तिसऱ्या परिमंडळाचा दर, आणि त्याच मालकाच्या हिंगोली शहरातील दुकानाला दुसऱ्याचा. मूळ दर वर्षानुवर्षे तोच राहतो. त्यावरचा विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारी व जुलैत बदलतो. पुष्कळ जण मूळ दर पाहून पगार ठरवितात व भत्ता विसरतात. खरी चूक येथेच होते.

आषाढातील परतवारीच्या एकादशीला नरसीत गर्दी लोटते, त्या दिवशी नोकर रात्रीपर्यंत उभा असतो. वेळेबाहेरच्या तासांना दुप्पट दर आहे. चहा-फराळाने तो फिटत नाही.

राहिली वही. तक्रार झाली तर पगार चुकता केल्याचे मालकाने दाखवायचे असते, आणि नोकराला तीन वर्षांपर्यंत मागणी करता येते. तेव्हा हजेरी, जादा तास आणि मध्येच दिलेली उचल तारखेनिशी लिहून त्यासमोर नोकराची सही घ्यावी; महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा.