ठसा मारून बघा, मग ताव घ्या

2023 च्या संक्रांतीला पाच दिवस राहिले होते. पहाटे उठून मधल्या खोलीतला दिवा लावला आणि रात्री रचून ठेवलेल्या भेटकार्डांच्या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं. पाठ कोरी असायला हवी होती. पाठीवर ‘तिळगुळ घ्या, गोड गोड बोला’ उलट्या अक्षरांत उमटलं होतं. दुसरं उचललं, तिसरं उचललं, मग गठ्ठा मधूनच उघडला. सगळीकडे तेच. दोनशे कार्डं होती. प्रत्येकाची शाई वरच्या कार्डाच्या पाठीला लागली होती आणि पुढचा पतंग पुसट होऊन बसला होता.

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी जावांनी ती खाटांवर पसरून, पंख्याखाली तीन तास ठेवली होती. बोटाचं टोक हलकेच लावून पाहिलं तर वाळल्यासारखी वाटली. मग रचली आणि वर वजनाला सासूबाईंची पितळी परात ठेवली. त्या परातीच्या भाराने रात्रभरात सगळा खेळ झाला. जाऊ दारात उभी राहून म्हणाली, “वहिनी, आता काय करून राहिल्या तुम्ही? पैसे तर घेतले ना आपण.” निम्मे पैसे आगाऊ घेतले होते, तेच जास्त बोचत होतं.

आज आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या बऱ्याच बायका-मुली अशी ठशांची कार्डं करतात. संक्रांत, पोळा, दिवाळी, बारसं, काहीही असो. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “ताई, कागद कोणता घ्यावा?” एका नावात याचं उत्तर देता येत नाही, म्हणून माझं काय काय बिघडलं आणि का बिघडलं ते सविस्तर लिहिते आहे.

कागद आणायला मी नागपूरला गेले होते. छोटी रेल्वेलाइन होती तेव्हा आमच्याकडची माणसं लोधीखेड्याला गाडीत बसून इतवारीला उतरायची. आता सावनेरवरून बसने जाते. दुकानात मी “चांगला जाड कागद” मागितला. समोर 300 जीएसएमचं आर्ट कार्ड आलं. दुधासारखं पांढरं, आरशासारखं चमकणारं. मी त्यावरून हात फिरवला आणि 25 ताव बांधून घेतले. चूक तिथेच झाली. कागद मी हाताने निवडला. ज्या शाईने, ज्या ठशाने काम करायचं होतं, त्यांना विचारलंच नाही.

आर्ट कार्डाच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या मातीचा किंवा खडूच्या भुकटीचा लेप असतो. या लेपाने कागदाची छिद्रं बुजतात आणि म्हणूनच तो चमकतो. छापखान्याच्या मशीनवर, त्या मशीनच्या शाईला, तो अगदी योग्य आहे. आपल्या साध्या स्टॅम्प पॅडची शाई मात्र वेगळ्या जातीची. पॅड दिवसभर उघडं राहिलं तरी सुकू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन घातलेलं असतं, आणि ग्लिसरीन हवेत उडून जात नाही. ही शाई हवेने फारशी वाळत नाही, ती कागदाने पिऊन घ्यावी लागते. ज्या कागदाची छिद्रंच बुजलेली आहेत तो पिणार कसा? म्हणजे आमचा पंखा तीन तास व्यर्थच फिरला. मी काही कार्डांवर टाल्कम पावडर भुरभुरवून पाहिली, तर अक्षरांवर पांढरट साय आली. इस्त्रीसुद्धा करून पाहिली. ते करूच नका, लेप पिवळा पडतो.

चमकत्या कागदावरच ठसा हवा असेल तर त्याला वेगळी शाई लागते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तारखा मारतात तसली, झटपट उडणारी. तिचा वास उग्र असतो आणि पॅड बघता बघता कोरडं पडतं. घरात लहान मूल असेल तर मी ती वापरायला सांगणार नाही.

त्या खेपेला आम्ही तीन रात्री जागून साध्या जाड ड्रॉइंग पेपरवर 120 कार्डं पुन्हा केली आणि उरलेल्यांचे पैसे परत दिले.

एकदा पोळल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो, तशी मी गेले. चमक नको, तर मग हातकागदच घेऊ, असं ठरवलं. हातकागदाबद्दल मला मनापासून माया आहे आणि ती आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. वर्ध्याला मगनवाडीत 1934 मध्ये स्थापन झालेल्या गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने हातकागदाचं काम हाती घेतलं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था 1940 मध्ये उभी राहिली. सुती चिंध्यांचा लगदा करून, चाळणीवर उचलून केलेला ताव वर्षानुवर्षं पिवळा पडत नाही. आठवण म्हणून जपून ठेवायच्या कार्डाला यापेक्षा चांगला कागद मला माहीत नाही.

पण मी आणलेला ताव फुलांच्या पाकळ्या घातलेला, मऊसूत, टिपकागदासारखा होता. त्यावर ठसा मारला आणि शाई फुटली. फुटली म्हणजे काय झालं ते नीट सांगते, कारण नवशिक्यांना ते लगेच दिसत नाही. रबरी शिक्क्यावरचा ‘बोला’ हा शब्द मी भिंगाखाली पाहिला. ‘ब’च्या पोटात एक तिरकी रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढी कोरी जागा. ती जागा शाईने भरून गेली होती. ‘ब’ राहिला नव्हता, ‘व’ही नव्हता, गोटीसारखा एक काळा ठिपका झाला होता. ‘तिळगुळ’ मधल्या दोन्ही ‘ळ’ची तीच गत. इंग्रजी अक्षरं त्या मानाने उघडी असतात, ती थोडी फुटली तरी वाचता येतात. आपल्या अक्षरांना पोटं आहेत, गाठी आहेत, वर मात्रा-वेलांट्या आहेत. म्हणून मराठी मजकुराचा ठसा मारणाऱ्याने शाई फुटण्याबाबत जास्तच कडक असायला हवं. सागवानी ठशाचं संत्रं किंवा बैल थोडा पसरला तर कुणाच्या लक्षात येत नाही. आमचे ठसे गावातल्या सुताराकडून करून घेतलेले, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या हाताचे. त्यांच्या रेघा जाडच असतात. बारीक अक्षर मात्र लगेच पकडलं जातं.

शाई फुटते कारण त्या कागदाला खळ कमी असते. जुन्या काळी जुन्नर, दौलताबादकडचे कागद करणारे कारागीर ताव खळीत भिजवून वाळवत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत, तेव्हा कुठे बोरूची रेघ त्यावर स्वच्छ उमटे. आजही खळ दिलेला हातकागद मिळतो, फक्त तसा मागून घ्यावा लागतो. ओळखायची रीत सोपी आहे. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब ठेवल्याबरोबर आत गेला तर अक्षरांचा ठसा त्यावर मारू नका. बराच वेळ मण्यासारखा तसाच उभा राहिला तर कागद फार बंद आहे, साधी शाई वाळायला त्रास देईल. हळूहळू चपटा होत होत मुरला तर तो कागद आपल्या कामाचा.

आता घडीबद्दल. कार्डावर बोलताना घडीचा विषय कुणी काढत नाही, आणि माझा सर्वांत जास्त कागद वाया गेला तो घडीमुळेच.

मशीनवर कागद होतो तेव्हा त्यातले तंतू मशीन धावतं त्या दिशेने लांब होऊन बसतात. बाइंडर त्याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने घडी घातली तर ती सुरीने ओढल्यासारखी पडते. आडवी घातली तर तंतू मोडतात, घडीच्या पाठीवर भेगा पडतात, आणि मे महिन्यात, आमच्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते तेव्हा, तर घडी पापडासारखी तडकते. चाळणीवरच्या हातकागदात हा त्रास फार जाणवत नाही, कारण त्यात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात.

माझं कार्ड मिटल्यावर 5 बाय 7 इंच होतं, उघडल्यावर 10 बाय 7. घडी सात इंचांच्या बाजूला समांतर. ताव 20 बाय 30 चा. सात इंचांची बाजू तावाच्या 30 इंचांवर लावली तर एका तावात 8 कार्डं बसतात. 20 इंचांवर लावली तर 6 च. दिवाळीच्या खेपेला मी आठच्या हिशोबाने सगळे ताव कापून आणले आणि घरी आल्यावर कळलं की त्या तावाचा ग्रेन 20 इंचांच्या दिशेने आहे. एकही घडी सरळ पडली नाही. तोच ताव 30 इंचांकडे ग्रेन असलेला मिळाला असता तर आठ कार्डंही निघाली असती आणि घडीही छान पडली असती. म्हणजे दोन दुकानांत एकाच भावाने मिळणारे दोन ताव आपल्याला एकाच भावाने पडत नाहीत.

ग्रेन ओळखायला पूर्ण ताव घ्या आणि न मोडता, हलकेच, आधी लांबीत आणि मग रुंदीत वाकवा. ज्या बाजूने तो मऊपणे वाकतो, ग्रेन त्या वळणाच्या रेषेला समांतर असतो. खात्री नसेल तर एक छोटा चौकोन कापून एका अंगाने ओला करा. तो नळीसारखा वळतो आणि ती नळी ज्या दिशेने लांब, तोच ग्रेन. घडीआधी पट्टी लावून संपलेल्या रिफिलने किंवा क्रोशाच्या सुईच्या पाठीने सळ पाडून घ्या. नुसती बोटाने घातलेली घडी जाड कार्डाला कधीच सरळ पडत नाही.

जाडीचा हिशोब जीएसएमने होतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. पण वजन आणि जाडी एक नव्हेत. मातीचा लेप असलेला 300 चा कागद बिनलेपाच्या 300 पेक्षा हाताला पातळ लागतो. माझं 10 बाय 7 चं कार्ड 300 मध्ये साडेतेरा ग्रॅम भरतं, 250 मध्ये सव्वाअकरा. साध्या टपालाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा. लिफाफ्याचे पाच-सहा ग्रॅम आणि वर चिकटवलेली झालर धरली की 300 चं कार्ड तो ओलांडतं आणि तिकीट वाढतं. म्हणून मी 250 वर स्थिरावले. ते उभं नीट राहतं आणि टपालातही बसतं.

नावांच्या मागे लागू नका. मला हवा तो बिनचमकीचा पांढरा कागद एका दुकानात आयव्हरी म्हणून मिळतो, दुसऱ्या दुकानात पल्प बोर्ड, तिसऱ्यात नुसतं कार्डशीट. ड्युप्लेक्स एका बाजूने करडा असतो, तो डब्यांसाठी ठीक. शाळेतला चार्ट पेपर पातळ, आणि स्वस्त असेल तर खिडकीपाशी ठेवल्यावर काही महिन्यांत पिवळा पडतो. ऑफिसातल्या शिक्क्याची जांभळी शाई उन्हाने विटते आणि पाणी लागलं की धावते, तेव्हा कागद कितीही चांगला घेतला तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका. पावसाळ्यात ताव उभे गुंडाळून ठेवू नका, आडवे, प्लास्टिकमध्ये, खाली फळी घालून ठेवा. दमट हवेत लाटा आलेल्या कागदावर ठसा अर्धाच उमटतो.

दुकानात मी आता माझा एक रबरी शिक्का, एक लाकडी ठसा आणि पॅड पिशवीत घेऊन जाते. शिक्का मुद्दाम ‘बोला’चाच. मागे कार्डाच्या पाठीवर मारायचा पत्त्याचा शिक्काही न्यायची, पण 2023 मध्येच पांढुर्णा जिल्हा झाला आणि त्यावरचं ‘जि. छिंदवाडा’ जुनं झालं. दुकानदाराकडून प्रत्येक कागदाचा तळहाताएवढा तुकडा मागते. बहुतेक जण देतात, काही कपाळाला आठ्या घालतात. तुकड्यांवर तिथेच ठसे मारते, पेन्सिलीने पाठीवर दुकान, नाव, जीएसएम, भाव आणि ग्रेनची दिशा लिहिते आणि घरी येते. ते तुकडे परातीखाली, एकावर एक, रात्रभर. सकाळी पाठी कोऱ्या आणि ‘ब’ची रेघ शाबूत असेल तरच ताव. यात नागपूरची आणखी एक फेरी पडते. बसचं भाडं दोनशे कार्डांपेक्षा स्वस्त आहे.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या आधी तीच बाई पुन्हा आली, जिची ऐंशी कार्डं मी देऊ शकले नव्हते. मी नवं कार्ड तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं नाही. अंगठा जिभेला लावला, ‘बोला’वर दाबून घासला, खिडकीकडे धरून पाहिलं आणि मग पाठ उलटून पाहिली. “कोरी आहे,” ती म्हणाली, आणि पिशवीतून यादी काढली.