खाऱ्या पाण्याची मोठी मत्स्यटाकी : आधी पाणी, मग मासे

समुद्रातील प्रवाळखडकांच्या आसऱ्याने राहणारे रंगीबेरंगी मासे घरातील काचेच्या टाकीत पाळण्याची हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. कोकणच्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी निवास-न्याहारीची सोय चालविणारी कुटुंबे आणि नारळ-सुपारीच्या बागेला एखादा जोडधंदा असावा असे वाटणारे शेतकरी यांच्याकडूनही याविषयी विचारणा होऊ शकते. मुंबईस १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने सागरतळाचे हे जग सामान्य माणसाच्या दृष्टीस आणून दिले. पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास बंदिस्त टाकीत करण्याची रीत बसविली. त्यामुळे हा मासा समुद्रातून धरून आणण्याची गरज उरली नाही.

तथापि या कामात पैसा बुडण्याचे एक ठरलेले कारण आहे. टाकी आणावयाची, ती पाण्याने भरावयाची आणि त्याच आठवड्यात तीत मासे सोडावयाचे, अशी घाई केली म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच मासे मरू लागतात. मालकास वाटते की मासे रोगट निघाले. वस्तुतः मासे बहुधा निरोगी असतात; पाणी तयार झालेले नसते. कच्चे शेण घातलेल्या वाफ्यात रोप लावले असता ते जळते, तशातलाच हा प्रकार होय. यास्तव प्रस्तुत लेखात माशांपेक्षा पाण्याचाच विचार अधिक केला आहे.

टाकीचे माप, वजन व जागा

लहान टाकी स्वस्त पडते. परंतु तीतील पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. मोठ्या टाकीत हे बदल सावकाश होतात व चूक सुधारण्यास अवधी मिळतो. येथे १८० सेंटिमीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद व ७५ सेंटिमीटर उंच अशी टाकी उदाहरणादाखल घेतली आहे. तीत काठ सोडून भरलेले पाणी सुमारे ९०० लिटर होते.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून जड असते. ९०० लिटर खारे पाणी सुमारे ९२० किलो भरते. १९ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन अदमासे २५० किलो होते. दगड व वाळू धरता एकंदर भार सव्वा टनाहून अधिक होतो. हा भार माळ्यावर, लाकडी तक्तपोशीवर किंवा सारवलेल्या मातीच्या जमिनीवर कदापि ठेवू नये. तळमजल्यावर काँक्रीटचा पाया घालून त्यावर ओटा बांधावा आणि गवंड्याकडून पाणसळ लावून तो चारही कोपऱ्यांत सारखा असल्याची खात्री करून घ्यावी. ओटा व टाकीचा तळ यांच्यामध्ये थर्मोकोलचा ताव घालावा. टाकी प्रथम गोड्या पाण्याने भरून आठ दिवस ठेवावी. गळती असल्यास ती याच वेळी उघडकीस येते व नुकसान टळते.

टाकीवर थेट ऊन पडू नये. त्याचप्रमाणे चुलीचा धूर व फवारणीची औषधे यांपासून ती दूर असावी. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. सुपारीवरील कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करताना मोरचूद वापरतात. मोरचुदात तांबे असते, आणि कोळंबी, खेकडे, शंख-शिंपले यांसारख्या कवचधारी जीवांस तांब्याचा अल्प अंशही मारक ठरतो. यास्तव मोरचूद कालविलेली बादली, काठी अगर गाळणी टाकीच्या कामास कितीही धुऊन घेतली तरी वापरू नये. टाकीची भांडी प्लॅस्टिकची, निराळी व खूण केलेली असावीत.

खारे पाणी कसे मिळवावे

समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. घनतामापकावर त्याची विशिष्ट घनता सुमारे १.०२५ येते. टाकीत हेच प्रमाण राखावयाचे असते.

किनाऱ्यावरील पाणी आणावयाचे झाल्यास ते पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून व बंदरापासून दूर अशा जागी भरावे. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ व नद्यांच्या पुरामुळे कमी खारे झालेले असते. ते निरुपयोगी समजावे. आणलेले पाणी दाट कापडातून गाळून झाकलेल्या पिंपांत अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे निवळू द्यावे व नंतर वरचे स्वच्छ पाणी काढून घ्यावे.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी मत्स्यटाकीसाठी मिळणारे क्षारमिश्रण शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात विरघळवावे. ९०० लिटर पाण्यात सुमारे ३२ किलो क्षार असावे लागतात. मिश्रणात थोडा ओलावा असल्याने ते यापेक्षा काहीसे अधिक लागते. मिठागरातील मीठ घालून हे काम होईल काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. ते होत नाही. मिठागरात पाणी आटत असता चुन्याचे क्षार आधी तळाशी बसतात, मग खाण्याचे मीठ जमते आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात. म्हणजे मीठ हा समुद्राचा केवळ एक भाग आहे. सागरी जीवांस तो संपूर्ण हवा असतो.

याच न्यायाने दुसरी एक गोष्ट ध्यानात येईल. टाकीतील पाणी आटते तेव्हा फक्त पाणी उडून जाते. क्षार मागे राहतात. सबब आटलेल्या पाण्याची भर नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने करावी. खारे पाणी घालीत गेल्यास टाकीचे हळूहळू मिठागर होईल. वरील मापाच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेतेरा लिटर पाणी आटले असे समजावे. काचेवर एक रेघ आखून रोज ठरावीक वेळी पातळी पाहावी.

दगड, वाळू आणि कायदा

टाकीत दगड शोभेसाठी नसतात. त्यांच्या छिद्रांतून पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू वस्ती करतात; म्हणून दगड सच्छिद्र हवा. कोकणात सहज मिळणारा जांभा दगड सच्छिद्र असला तरी त्यात लोह असल्यामुळे तो येथे वर्ज्य होय. याकामी भाजलेल्या चिनी मातीचे अथवा सिमेंटचे मुद्दाम तयार केलेले सच्छिद्र दगड घ्यावेत. सिमेंटचे दगड पाण्याचा सामू वाढविणे थांबेपर्यंत, वरचेवर पाणी बदलून, कित्येक आठवडे भिजत ठेवावेत. दगड एकमेकांवर पक्के बसवावेत आणि त्यांतून पाणी खेळेल अशा वाटा ठेवाव्यात. तळाशी चुनखडीची स्वच्छ धुतलेली वाळू सुमारे ५ सेंटिमीटर जाडीची पसरावी.

जिवंत अथवा मृत प्रवाळ समुद्रातून काढून टाकीत ठेवण्याचा मोह कोणी धरू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांचा समावेश करण्यात आला. वाघास जे संरक्षण आहे तेच यांना आहे. ते तोडणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा असून त्यास कारावासाची शिक्षा आहे. विक्रेत्याने कोणतीही हमी दिली तरी वनविभागाकडून लेखी खुलासा मिळाल्याखेरीज प्रवाळ विकत घेऊ नयेत.

हा नियम निष्कारण केलेला नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळ हा सूक्ष्म प्राण्यांचा समूह असून तो आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचतो. गोलाकार वाढणाऱ्या प्रवाळाची वाढ वर्षास एखाददुसऱ्या सेंटिमीटरहून क्वचितच अधिक असते. एका हिसक्याने तुटलेला डोक्याएवढा गोळा पुन्हा तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात. शिवाय अशा खडकांच्या आसऱ्याने माशांची पिले वाढतात. म्हणजे खडक तुटला की त्याचा तोटा मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो. घरच्या टाकीत प्रवाळाविना, केवळ सच्छिद्र दगड, मासे व शंखवर्गीय जीव यांच्या साहाय्यानेही खडकाचे सुंदर दृश्य उभे राहते.

पाणी खेळते ठेवणे

टाकीच्या खाली सुमारे २०० लिटरची दुसरी लहान टाकी ठेवावी. वरच्या टाकीच्या काठावरून पाणी खाली उतरते, तेथे गाळले जाते व पंपाने पुन्हा वर चढते. खालच्या टाकीत फेस काढणारे नळकांडे बसवितात. वादळी हवेत किनाऱ्यावर फेस साचतो तो पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांमुळे; नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडून तीच द्रव्ये फेसावाटे बाहेर काढली जातात. याखेरीज वरच्या टाकीत प्रवाह निर्माण करणारे पंप असावेत आणि सर्व मिळून तासाला टाकीच्या दहापट तरी पाणी हलले पाहिजे.

वीज गेली की वरचे काही पाणी खाली उतरते. पातळी २ सेंटिमीटर उतरल्यास २७ लिटर पाणी खाली येईल. खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी नसेल तर ते घरभर पसरेल. म्हणून मासे आणण्यापूर्वी वीज मुद्दाम बंद करून ही परीक्षा घ्यावी.

टाकी पक्व होणे

हा या लेखाचा मुख्य भाग होय. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि सामू जितका अधिक तितका अमोनिया अधिक विषारी होतो. नव्या टाकीत त्याचा बंदोबस्त करणारे कोणीही नसते. हळूहळू दगडांवर व वाळूत दोन प्रकारच्या जिवाणूंची वस्ती होते. एक प्रकार अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतो. नायट्राइटही घातकच असते. दुसरा प्रकार त्याचे नायट्रेट करतो आणि ते मासे बऱ्याच अंशी सहन करतात.

शेतकऱ्यास ही क्रिया अपरिचित नाही. शेतात अमोनियम सल्फेट टाकले असता जमिनीतील जिवाणू याच क्रमाने त्याचे नायट्रेट करतात व ते पीक शोषून घेते. फरक एवढाच की टाकीत नायट्रेट उचलणारे पीक नसते. म्हणून ते पाणी बदलून काढावे लागते.

ही वस्ती होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासे नसावेत. जिवाणूंस अन्न मिळावे म्हणून दोन-तीन दिवसांनी चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे आणि तपासणी संचाने अमोनिया व नायट्राइट मोजून वहीत नोंद करावी. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो; मागोमाग नायट्राइट चढते व उतरते. खाद्य टाकूनही दोन्ही शून्यावर टिकली म्हणजे टाकी पक्व झाली. पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावर विसंबू नये. अमोनिया डोळ्यांस दिसत नाही.

मासे सोडणे व निगा

प्रथम पैदास केंद्रातील दोनच लहान विदूषक मासे आणावेत. आणल्यावर ते दोन ते चार आठवडे निराळ्या लहान टाकीत ठेवून रोगाची लक्षणे पाहावीत. तांबेयुक्त औषध द्यावयाचे झाल्यास ते याच टाकीत द्यावे, मोठ्या टाकीत नव्हे. मोठ्या टाकीत सोडल्यावर दोन आठवडे अमोनिया शून्य राहिला, तरच पुढचे मासे आणावेत. जिवाणूंची संख्या माशांच्या संख्येबरोबर वाढावी लागते व तिला वेळ द्यावा लागतो.

विदूषक मासे जन्मतः नर असतात. जोडीतील मोठा मासा मादी होतो आणि मादी मेल्यास तिचा नर मादी बनतो. मादी दगडावर अंडी घालते, नर त्यांची राखण करतो आणि सुमारे आठवड्याभराने पिले बाहेर पडतात. जोडधंद्याचा विचार करणाऱ्याने हे ज्ञान अवश्य मिळवावे. मात्र एक उन्हाळा व एक पावसाळा एकच जोडी निरोगी ठेवून दाखविल्याशिवाय कर्ज काढू नये.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. दर पंधरवड्यास सुमारे ९० लिटर पाणी काढून तितकेच, त्याच क्षारतेचे व त्याच उष्णतामानाचे खारे पाणी घालावे.

टाकीचे उष्णतामान २५ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास टाकीही काही अंशी निवते. दमट हवेत मात्र हा उपाय कमी पडतो. समुद्रातही उष्णतेचा परिणाम किती होतो हे लक्षद्वीपच्या प्रवाळांवरून दिसून आले. १९९८, २०१० व २०१६ साली पाणी तापल्याने ते पांढरे पडले. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो; म्हणून वीज जाताच चालणारा बॅटरीचा हवापंप घरात असलाच पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भेटीत पाहावयाच्या गोष्टी

१. ओटा सपाट व पक्का आहे काय?
२. टाकीची भांडी फवारणीच्या साहित्यापासून निराळी आहेत काय?
३. विशिष्ट घनता, उष्णतामान, अमोनिया व नायट्राइट यांची नोंदवही तारीखवार भरलेली आहे काय?
४. आटलेले पाणी गोड्या पाण्याने भरले जाते काय?
५. वीज गेल्यास हवा देण्याची सोय आहे काय?
६. टाकीत समुद्रातून काढलेले प्रवाळ नाहीत ना?

शासकीय साहाय्याविषयी चौकशी करणाऱ्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे पाठवावे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचाही अंतर्भाव करण्यात आला होता. अर्ज करतेवेळी कोणती योजना लागू आहे ते तेथूनच समजून घ्यावे. परंतु साहाय्य मिळो वा न मिळो, पहिले सहा आठवडे टाकी माशांविना ठेवण्यास जो तयार नाही, त्याला हे काम हाती न घेण्याचाच सल्ला द्यावा.