सी.टी.चा आकडा आणि रोग्याची प्रकृती

2021 सालच्या उन्हाळ्यात कडोदऱ्यात घरोघरी एकच आकडा तोंडी झाला होता. तो म्हणजे आर.टी.पी.सी.आर. अहवालावरील ‘सी.टी.’. आमच्या शेजारचे एक चाचा, मूळ खानदेशचे, अहवाल घेऊन मजकडे आले. आकडा 31. “मास्तर, आकडा मोठा म्हणजे रोग लहान ना?” मी विज्ञानाचा पदवीधर; हिशेब मांडून दाखविला व ‘होय’ म्हणालो. तापाचा दिवस कितवा, हे मात्र विचारले नाही. ती चूक माझी.

हिशेब असा. नाकातून वा घशातून काडीने घेतलेल्या नमुन्यातील विषाणूच्या आर.एन.ए.चे प्रथम डी.एन.ए.मध्ये रूपांतर करतात. मग यंत्रात ते दर फेरीस सुमारे दुप्पट होते. ज्या फेरीस ते यंत्राला दिसण्याइतके वाढते, तिचा क्रमांक म्हणजे सी.टी. 21 व 31 यांत दहा फेऱ्यांचे अंतर. दहा वेळा दुप्पट केले की 1,024. म्हणजे 21 आकड्याच्या नमुन्यात विषाणू सुमारे हजारपट. येथवर गणित बिनचूक आहे.

परंतु नमुना म्हणजे रोगी नव्हे. काडी नीट फिरली नाही तर आकडा चढतो. किट बदलले तरी बदलतो. शिवाय नाकात विषाणू भरपूर असतो तो प्रारंभीच्या दिवसांत. पुष्कळांना धाप लागते ती पुढे, नाकातील विषाणू ओसरू लागल्यावर. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 सालीच बजावले होते की, ह्या आकड्यावरून रोगाची तीव्रता ठरवू नये. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने मर्यादा 35 वरून 24 वर आणावी काय, असे विचारले. तेव्हाही परिषदेने नकार दिला, कारण त्यामुळे अनेक संसर्गी माणसे निसटली असती. (11 फेऱ्यांनी किती पट होते, हे वाचकांनी मुलांकडून काढवून घ्यावे.)

रक्तावरून मात्र काही अंदाज बांधता येतो. 2020 साली बोस्टन येथील रुग्णांच्या अभ्यासात रक्तद्रवात विषाणूचे आर.एन.ए. आढळणे आणि आजार बळावणे यांचा संबंध दिसून आला. पण ही तपासणी गावोगावी पोहोचली नाही. आपल्या हाती होते ते बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर.

चाचांच्या सुनेने ते आणले होते. अहवालानंतर तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन 88 भरला. चाचा सतरा दिवसांनी इस्पितळातून परतले. तो अहवाल आता मजजवळ आहे. वर्गात घातांक शिकविताना मी तो काढतो, आणि मागील कोऱ्या बाजूस सुनेने पेन्सिलीने टिपलेले ऑक्सिजनचे आकडेही मुलांकडून वाचून घेतो.