शाळकरी मुलांच्या डोक्यातील उवा

मराठीत जिला ऊ म्हणतात तीच कानडीत हेनु आणि भोपाळच्या आनंद नगरात जूं. नावे तीन, गैरसमज मात्र एकच : उवा अस्वच्छ डोक्यातच होतात. वस्तुतः रोज धुतलेल्या केसांतही त्या सुखाने नांदतात. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. म्हणून एका बाकावर दाटीने बसून कानगोष्टी करणाऱ्या मुलींत तिचा प्रादुर्भाव अधिक.

लीख केसाच्या मुळाशी घट्ट चिकटते व ७ ते १० दिवसांत फुटते. एकदाच औषध लावून थांबणारे येथेच फसतात. १ टक्का परमेथ्रिनचे औषध १० मिनिटे ठेवून धुवावे व ९ दिवसांनी पुन्हा लावावे; घरात ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा सापडतील त्या सर्वांना एकाच दिवशी. शिवाय ओल्या केसांतून दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, फणी (कंगवा नव्हे!) फिरवावी. आजीची फणी या कामी आजही अव्वल.

आजीचा दुसरा उपाय, सीताफळाच्या बियांची पूड, मात्र सोडून द्यावा. ती डोळ्यात गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पडद्याला जखम होते; असे रुग्ण आपल्याकडील नेत्रतज्ज्ञांनी पाहिले आहेत. रॉकेल तर नकोच. पेट घेण्याचा धोका असतो.

राहता राहिले शिक्षक. उवा दिसल्या म्हणून मुलीला वर्गातून घरी धाडू नये, वेगळ्या बाकावर तर मुळीच बसवू नये. आईला चिठ्ठी द्यावी. उपचार त्याच संध्याकाळी सुरू करता येतो.